बॅटरी भरलेली दिसते तेव्हा

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला गुरांची प्रचंड रानं आहेत. तिथले लोक त्यांना 'स्टेशन' म्हणतात. एकेक स्टेशन आपल्या तालुक्यापेक्षा मोठं, आणि वस्ती म्हणाल तर दोन-चार घरं. घरापासून थोड्या अंतरावर रोलर फिरवून घट्ट केलेली लाल मातीची धावपट्टी. तिच्या दोन्ही कडांना साधारण 90 मीटरवर एकेक दिवा. दिव्याच्या डोक्यावर सौर पॅनेल, पोटात बॅटरी, बाजूला बोटभर अँटेना. जमिनीखालून केबल नाही, जनरेटर नाही. अशा काही धावपट्ट्यांच्या दिव्यांवर ॲडलेडमध्ये बसून लक्ष ठेवणं हे माझं काम.

मी बीड जिल्ह्यातला. वडील वीज मंडळात वायरमन होते. फॉल्ट कुठे आहे ते खांबावर चढून, हाताने तपासून शोधायचं, हे मी लहानपणापासून पाहिलं. इथे माझा खांब शेकडो किलोमीटरवर, मधला रस्ता कच्चा आणि मोबाइलला रेंज नाही. प्रत्येक दिवा बॅटरीचं व्होल्टेज, चार्जिंगचा करंट आणि आतलं तापमान रेडिओवरून धावपट्टीजवळच्या एका पेटीला कळवतो. ती पेटी ते आकडे उपग्रहामार्फत माझ्यापर्यंत पोचवते.

रात्री तिथे उतरतं ते बहुतेक वेळा एकच विमान, रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने चालना दिलेल्या या सेवेचं पहिलं उड्डाण 17 मे 1928 रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून झालं. पुढे 1942 पासून स्टेशनांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक असतो, आणि डॉक्टर दुरून सांगतात, अमुक क्रमांकाची गोळी द्या. दुरून सांगणारा आणि जागेवर करणारा, अशी ही जोडी त्या मुलखात माझ्या आधीपासून रुजलेली आहे. सौर दिवे येण्यापूर्वी लोकांनी रॉकेलच्या चिमण्या लावून, गाड्यांचे हेडलाइट रोखून, डिझेलमध्ये भिजवलेले टॉयलेट पेपरचे रोल डब्यांत पेटवून विमानं उतरवली आहेत. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता वैमानिक जवळ आला की ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर माइकचं बटण तीनदा दाबतो आणि धावपट्टी उजळते. दिवे किमान अर्धा तास चालू राहतात. संपण्याआधी दहा मिनिटं वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या मोज्याचा दिवा लुकलुकायला लागतो. वेळ वाढवून हवी असेल तर वैमानिक पुन्हा बटण दाबतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी भरलेल्या बॅटरीची वाटते. हे दिवे रात्रीमागून रात्री बंदच असतात. दिवसा ऊन, रात्री खर्च नाही, म्हणून पडद्यावर प्रत्येक बॅटरी भरलेली आणि प्रत्येक ठिपका हिरवा. आमच्या दिव्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत. सेल बराचसा भरलेला असो की बराचसा रिकामा, मधल्या सगळ्या टप्प्यात त्याचं व्होल्टेज 3.2 ते 3.3 च्या आसपासच राहतं. त्यातून उन्हाने सेल म्हातारा होतो. याच पट्ट्यातल्या ऊडनडाटा गावी 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि लाल मातीवर दिवसभर तापणाऱ्या बंद डब्यात हवेपेक्षा जास्तच गरम असतं. म्हातारा सेलही पूर्ण भरतो. फक्त त्याच्यात मावतं कमी, आणि व्होल्टेज ते सांगत नाही.

म्हणून क्षमता तपासायची तर दिवा प्रत्यक्ष जाळूनच पाहावा लागतो. आम्ही थोडे दिवे निवडतो, रात्रभर पूर्ण तेजाने चालवतो आणि कोणाचं व्होल्टेज कधी कोसळतं ते पाहतो. शेजारशेजारचे दोन दिवे एकाच रात्री कधीच तपासत नाही. त्याच रात्री विमान आलं तर? एखादा दिवा नसला तरी वैमानिकाची नजर ओळ जुळवून घेते. सलग दोन नसले की धावपट्टीची कड तुटते. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही बंद दिवे एकमेकांना लागून असू नयेत यावर भर आहे, तो याचसाठी.

एका मे महिन्यात या तपासणीत एका स्टेशनच्या पूर्व कडेचे काही दिवे कच्चे निघाले. त्यातले दोन शेजारी, तेही विमान टेकतं त्याच टोकाला. नव्या बॅटऱ्या गाडीत भरल्या आणि पाऊस आला. तिथे जरासा पाऊस झाला तरी कच्चे रस्ते बंद करतात. वर जून म्हणजे इथला हिवाळा. दिवस लहान, सूर्य उत्तरेला खाली कललेला, त्यात ढग. पहाटे पारा शून्याखाली गेला की गारठलेल्या लिथियम सेलला चार्जिंग चालत नाही. डबा थोडा तापेपर्यंत सर्किट ते थांबवून धरतं. चार्जिंगचा आलेख रोज खाली येत होता, ठिपके मात्र हिरवेच.

मी स्टेशनच्या मालकीणबाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "आज रात्री विमान आलं तर दिसेल का त्याला?" मी म्हणालो, दिसेल, पण त्या टोकाला दोन कच्चे दिवे शेजारी आहेत, त्यांची जागा बदलायला हवी. वैमानिकांना कळवायची सूचना आमच्याकडून गेली. पावसाने धावपट्टी निसरडी झाली होती, म्हणून बाई कडेकडेने चालत गेल्या. कच्च्यांपैकी एक दिवा त्यांनी काढला आणि मधल्या भागातला एक पक्का दिवा त्याच्या जागी बसवला. मी इकडे दोन्ही दिव्यांचे क्रमांक नकाशावर बदलले. मग त्यांनी ओल्या फडक्याने एकेक पॅनेल आणि भिंग पुसलं. आकाश ढगाळ असूनही पुसलेल्या दिव्याचा करंट पुढच्या निरोपात थोडा चढलेला दिसायचा. भिंगाचं मात्र मला काहीच दिसत नाही. भिंगावर धुळीचा थर असला, पुढे गवत वाढलं असलं, तरी दिव्याचा करंट अगदी बरोबर येतो. पडदा वीज मोजतो, वैमानिकाला हवा असतो प्रकाश. एका दिव्याची अँटेना कोरेला पक्ष्यांनी कुरतडली होती, तेही त्यांनीच पाहून सांगितलं.

त्याच आठवड्यात, धावपट्टी वाळल्यावर, रात्री फोन आला. गुरं वळणारा एक कामगार क्वाडबाइकखाली सापडला होता. मालकीणबाईंच्या मुलाने गाडीने पूर्ण धावपट्टी फिरून कांगारू हुसकले. विमान आलं, दिवे लागले. डॉक्टरांना रुग्णाला स्थिर करायला बराच वेळ लागला. तो हलवण्याजोगा होईपर्यंत विमान जमिनीवर थांबलं. उड्डाणाच्या वेळी वैमानिकाने पुन्हा दिवे लावले तेव्हा मधल्या भागात नेलेला तो कच्चा दिवा विझला. त्याचे दोन्ही शेजारी जळत होते. विमान वर गेल्याचं बाईंनी फोनवर सांगितलं, आणि त्या माणसावर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाल्याचंही त्यांनीच नंतर कळवलं.

तेव्हापासून मी प्रत्येक करारात एक अट आग्रहाने घालायला लावतो. किती टक्के दिवे चालू आहेत एवढंच मोजून भागायचं नाही. हिवाळ्याआधी प्रत्येक दिव्याची क्षमता जाळून तपासायची आणि तिथल्या माणसाने महिन्यातून एकदा रात्री धावपट्टीच्या टोकाला उभं राहून दिवे डोळ्यांनी पाहायचे. या तपासणीचे पैसे त्या माणसाला मिळाले पाहिजेत, यावरही मी अडून बसतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या छोट्या धावपट्टीवर असे दिवे बसले, तर तिथे ही तपासणी मे महिन्यातच व्हायला हवी, कारण आपल्याकडे ढगांचे दिवस जूनपासून सुरू होतात.

रस्ता उघडल्यावर बॅटऱ्या पोचल्या. मालकीणबाईंनीच त्या बसवल्या, मी फोनवर होतो. जुन्यांतली प्रत्येक आम्ही इथे मागवून बाकावर पुन्हा तपासली, आणि आता तशाच वयाच्या बॅटऱ्या आणखी कोणकोणत्या धावपट्ट्यांवर आहेत त्याची यादी करतो आहे.