कंपहर

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैच्या वाटेने काही मैल गेले की तिरुभुवनम् लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधविलेल्या तेथील शिवालयात जो देव आहे त्याचे नाव कंपहरेश्वर. ब्रह्महत्येच्या पिशाच्चाने पछाडलेल्या एका राजाचा थरकाप त्याने निवारला, असे स्थळपुराण सांगते. सकाळचा चहा बशीत सांडू लागल्यापासून स्वतःच्याच हाताकडे भयाने पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ते नाव जिव्हाळ्याचे वाटले.

परंतु मी अधिक रमलो तो सौराष्ट्री विणकरांच्या आळीत. शतकांपूर्वी पश्चिमेकडून दक्षिणेत उतरलेल्या या लोकांची बोली गुजराती-मराठीच्या गोतातली. तमिळच्या अखंड ओघात त्यांचा ‘पानी’ हा शब्द कानी पडला, आणि परमुलखात आप्त भेटल्यासारखे झाले. येथील रेशमी साडीला 2019 साली भौगोलिक मानांकन लाभले. तिची घडी पंख्यासारखी घालतात.

एका ओसरीवर एक वृद्ध कांड्या भरीत बसला होता. गुडघे थकले, दृष्टी मंदावली, म्हणून माग मुलाच्या ताब्यात गेला होता. पण घरच्या हजेरीपटावरून म्हाताऱ्याचे नाव खारीज झाले नव्हते. उजव्या हाताने रहाट फिरे, डाव्या चिमटीतून रेशमाचा तंतू सरके. बोटे कापत होती, हे मी जवळून पाहिले. तथापि तंतू तुटला की त्याची दोन टोके पिळून जोडताना तीच बोटे क्षणमात्र निश्चल होत. आतला खटका थांबला की सून बाहेर येई आणि भरलेल्या कांड्या घेऊन जाई. कांडी नसेल तर धोटा रिकामा आणि माग मुका, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नव्हते.

म्हातारपणी पथ्य, फेरफटका, पुरेशी झोप हवी, हे वैद्यांचे सांगणे यथार्थच आहे. पण माझ्या वडिलांना हे सारे मिळत होते. आम्हीच त्यांना प्रेमापोटी एकेका कामातून मोकळे केले: आधी भाजी आणणे, मग घरचा जमाखर्च, शेवटी देवपूजेची फुलेसुद्धा. ज्या दिवशी त्यांच्यावाचून काहीच अडेनासे झाले, त्या दिवसापासून ते खुर्चीत बसल्या बसल्या विझत गेले. ते शल्य अजून सलते.

मी उठू लागलो, तेव्हा म्हाताऱ्याने खुणेने मला थांबवले आणि गुंतलेली लड माझ्या दोन्ही हातांत अडकवली. माझे हात कापत होते; त्याचेही. आतला माग थांबला होता, आणि सून दारात उभी होती.