हवा सगळ्यांची सारखी

फासे, कागद, पेन्सिल आणि चार-पाच डोकी, एवढ्या भांडवलावर चालणारा एक खेळ आमच्या घरात गेली दोन वर्षे दर रविवारी संध्याकाळी मांडला जातो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. अमेरिकेत १९७४ साली तो प्रथम निघाला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याचे गुण कागदावर लिहायचे आणि गोष्टीत शिरायचे. एकजण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फासे म्हटले की शेजारपाजारचे भुवया उंचावतात, म्हणून आधीच सांगतो की यात पैसा लावायचा नसतो. तरले तर सगळे मिळून तरतात, बुडाले तर सगळे मिळून बुडतात.

गेल्या उन्हाळ्यात मुलांच्या मामाने 'स्पेलजॅमर' नावाचा एक जुना डबा आणून दिला. टीएसआर कंपनीने १९८९ साली काढलेला, जेफ ग्रब यांनी रचलेला हा खेळाचा भाग आहे. यात लाकडी गलबते समुद्रात न जाता आकाशात जातात. प्रत्येक सूर्यमाला एका प्रचंड स्फटिकाच्या गोलात बंद, आणि दोन गोलांच्या मध्ये 'फ्लोजिस्टन' नावाचा रंगीबेरंगी प्रवाह. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले रसायनशास्त्रज्ञ ज्या ज्वलनद्रव्यावर विश्वास ठेवत, त्याचेच हे नाव. त्या प्रवाहात ठिणगी पडली तरी स्फोट होतो. तेव्हा प्रवास महिनाभराचा असो की दोन महिन्यांचा, जहाजावर चूल पेटवायची नाही, गार अन्न खायचे.

अडचण अशी की आम्ही खेळतो ते आजच्या नियमांनी, आणि डबा आमच्या दोन्ही मुलांहून वयाने मोठा. २०२२ साली स्पेलजॅमरची नवी आवृत्ती आली खरी, पण तिच्यात स्फटिकाचे गोल नाहीत आणि फ्लोजिस्टनही नाही. मुलांना जुनेच हवे होते. मग आम्ही दोघे, थोरली मुलगी, धाकटा आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारा भाचा असे वही घेऊन बसलो. यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा हिशेब मांडायला चार रविवार गेले.

आकडेमोड सोपी निघाली. जुन्या खेळात चिलखताचा अंक जितका कमी तितके संरक्षण जास्त. आता उलट आहे. २० मधून जुना अंक वजा केला की नवा मिळतो. जुना ४ असेल तर नवा १६. हे काम धाकट्याने एका बैठकीत उरकले.

पुढचा प्रश्न जहाज चालवणाऱ्या खुर्चीचा. मंत्रविद्या जाणणारा तिच्यात बसला की त्याच्या शक्तीने जहाज चालते. जुन्या नियमाप्रमाणे खुर्चीत बसणाऱ्याचे त्या दिवसाचे सगळे मंत्र खर्ची पडतात. नव्या नियमाने ही किंमत काढून टाकली आहे. आमच्या खेळात थोरलीच त्या खुर्चीत बसते, तरी तिनेच जुना नियम ठेवायला सांगितले. जी सगळ्यांना वाहून नेते ती त्या दिवशी रिकाम्या हाताची असते, तेव्हा तिचे रक्षण बाकीच्यांनी करायचे. नियम राहिला.

मग धाकट्याने ड्वॉर्फ जातीचा मांत्रिक मागितला. ड्वॉर्फ म्हणजे ठेंगणे, दाढीवाले, खाणीत आणि भट्टीवर राबणारे लोक. १९८९ च्या नियमपुस्तकात ड्वॉर्फाला मांत्रिक होताच येत नाही. लढवय्या झाला तरी पंधराव्या पायरीवर त्याची वाट बंद. त्याहून बुटक्या हाफलिंगाची नवव्या पायरीवरच. माणसाला मात्र अशी अट नाही. कितीही पराक्रम करा, जन्माने घातलेली रेघ ओलांडायची नाही! धाकट्याने विचारले, "हे कुणी ठरवले?" आमच्या घरात या प्रश्नावर फार चर्चा करावी लागत नाही. नियमावर काट मारली गेली. खेळ काढणाऱ्यांनीही २००० सालच्या आवृत्तीत ही बंधने काढली होती. पण जुनी सवय एका फटक्यात जात नाही. २०२२ च्या नव्या स्पेलजॅमरमध्ये वानरासारख्या हॅडोझी लोकांना गुलामीचा जो पूर्वेतिहास दिला होता, त्यावर काळ्या लोकांच्या अपमानाचा आक्षेप आला. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशन संस्थेने त्याच सप्टेंबरात माफी मागून तो मजकूर वगळला.

त्याच जुन्या डब्यात ड्वॉर्फांची आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही हौसेने ठेवली. त्यांची अवाढव्य जहाजे भट्टीवर चालतात. कारागीर घाव घालत राहतात, वस्तू घडत राहते आणि त्या श्रमाने जहाज पुढे सरकते.

सर्वांत जास्त वाद झाला तो हवेवरून. जहाज आपल्याभोवती हवा धरून ठेवते. जुना हिशेब असा: जहाजाच्या एका टनामागे एका माणसाला ४ महिने ताजी हवा. माणसे दुप्पट झाली की मुदत निम्मी. त्यानंतर हवा कोंदट होते, लढाईत फाशातून २ वजा होतात, आणि तशीच वापरत राहिले तर शेवटी ती जीवघेणी ठरते. भाच्याला हा हिशेब किचकट वाटला. तो सोडून द्यावा असे त्याचे मत. ठेवायचा असे बहुमताने ठरले.

पावसाळ्यात त्याची कसोटी लागली. आमचे जहाज २० टनांचे, खलाशी १४. वाटेत निओगी या गुलामांच्या व्यापाऱ्यांचे जहाज हाती लागले आणि त्याच्या तळघरात ३० कैदी सापडले. सगळ्यांना घेतले तर ४४ माणसे, म्हणजे ताजी हवा सुमारे ५४ दिवस. पुढचे बंदर ७० दिवसांवर. भाच्याने कागद ओढला आणि कुणाला घ्यायचे याची यादी करू लागला: आधी बळकट, मग कारागीर, मग उरलेले. निम्मी यादी झाल्यावर थोरली म्हणाली, "दादा, यात आपल्या खलाशांची नावे का नाहीत?"

टेबलावर कुणी बोलेना. भाच्याने पेन्सिल खाली ठेवली. शेवटी सगळ्या ३० जणांना घ्यायचे ठरले, आणि शेवटचे १६ दिवस कोंदट हवेत काढायचे. त्या १६ दिवसांत चाच्यांची गाठ पडली, फाशातून २ वजा होत राहिले, आणि धाकट्याचा लाडका ड्वॉर्फ मांत्रिक कामी आला. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नवे पात्र लिहिले, त्या ३० कैद्यांतलेच एक.

घरात मुले असतील तर असा एखादा खेळ त्यांच्याबरोबर जरूर मांडावा. मात्र पुस्तकातले नियम जसेच्या तसे घेऊ नयेत. मुलांना सोबत बसवून एकेक तपासावा आणि प्रत्येकाला विचारावे, हा कुणाच्या सोयीचा आहे? आमच्या वहीत काट मारलेले नियम अजून वाचता येतात. खोडून टाकलेले नाहीत. शाळेतल्या मैत्रिणी खेळायला आल्या की थोरली ते पान त्यांना आधी दाखवते.