नेलच्या चॉकलेटचा पेला

'द डेव्हिल टू पे' हे नाव वाचून भुताखेतांचे काही भयंकर नाटक असेल असे वाटते. पण आहे ती एका अंकाची हसरी इंग्रजी संगीतिका. भुते तिच्यात आहेत, नाही असे नाही. पण मला भीती वाटली ती मोच्याच्या हातातल्या चामडी पट्ट्याची.

मूळ नाटक 'द डेव्हिल ऑफ अ वाइफ'. थॉमस जेव्हन नावाच्या नटाने ते १६८६ साली लिहिले. चार्ल्स दुसरा गादीवर परत आल्यावर, म्हणजे १६६० नंतर, इंग्लंडात जी रंगभूमी पुन्हा गजबजली तिच्या उत्तरार्धातले हे प्रहसन. पुढे १७२८ साली जॉन गेच्या 'बेगर्स ऑपेरा'ने लंडनला वेड लावले. लोकांच्या ओठांवरच्या चाली घ्यायच्या, त्यांत नवे शब्द बसवायचे, आणि मधूनमधून साधे गद्य बोलायचे, अशी ती तऱ्हा. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर 'चाल' म्हणून दुसऱ्या गाण्याचे नाव छापलेले असते ना, तसाच प्रकार! चार्ल्स कॉफी आणि जॉन मॉटली यांनी जेव्हनच्या प्रहसनाला हाच साज चढवला आणि १७३१ च्या ऑगस्टमध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात ते तीन अंकी रूपात आले. ते लांबले, म्हणून कात्री लागून एक अंक उरला. त्या एका अंकाने मात्र पुढे कित्येक वर्षे मोठ्या नाटकामागून प्रेक्षकांना हसवले.

गोष्ट अशी. सर जॉन लव्हरूल हा भला जमीनदार, आणि त्याची बायको साक्षात कैदाशीण. नोकर सणाची मौज करतात तर ही त्यांना बदडते, आंधळ्या वादकाची फिडलसुद्धा फोडते. शेजारी जॉब्सन मोची राहतो. त्याची बायको नेल गरीब गाय. घरी थांबा म्हणून विनवते तर नवरा पट्टा दाखवतो. लेडीने हाकलून लावलेला एक मांत्रिक चिडतो आणि भुतांना बोलावून रातोरात दोघींची अदलाबदल करतो. सकाळी लेडी मोच्याच्या घरी जागी होते, आणि जॉब्सन तिला सूत कातायला बसवतो. नेल मऊ बिछान्यात डोळे उघडते. दासी तिला चॉकलेट पाजायला बघते. स्वर्गात तर नाही ना आलो, असे बिचारीला वाटते.

आमच्या वाङ्मय मंडळात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे खदखदून हसले. लेडीला पट्टा बसतो तिथे तर टाळ्या पडल्या. 'त्राटिके'ची जिरवण्यात आपल्यालाही मौज वाटत आलीच आहे. मागच्या बाकावरून एकीने विचारले, "पण नेलला तो पट्टा कशासाठी?" कुणी उत्तर दिले नाही.

तो प्रश्न मला सुटलेला नाही. उद्धट म्हणून लेडीला मार, हे एक वेळ समजू. नेल तर तोंड वर करून बोलतही नाही. म्हणजे जॉब्सनचा पट्टा स्वभाव पाहून उठत नाही. समोर बायको आहे एवढे त्याला पुरते. कॉफी-मॉटलींना हे सांगायचे होते असे मी म्हणणार नाही. त्यांना हशा हवा होता. तरी नाटकातच ते आहे.

नेलची भूमिका कॅथरिन राफ्टर या जेमतेम एकोणीस वर्षांच्या मुलीने केली. हीच पुढे किटी क्लाइव्ह म्हणून गाजली आणि १७६९ पर्यंत रंगभूमीवर राहिली. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली ती ही नेल, हे मला फार आवडते.

नाटक पुढे १७४३ साली जर्मन होऊन बर्लिनला गेले, १७५२ साली लाइपझिगला. तिथल्या 'झिंगश्पील' या गद्य-गाण्याच्या नाटकांचा उगम त्यातच शोधतात. १८४५ साली पॅरिसमध्ये आदोल्फ आदाँच्या संगीतावर त्याचा बॅले झाला. तेथे मोच्याचा बुरूड झाला होता आणि गाव पोलंडातले. बायकांची अदलाबदल मात्र कुठेच कुणी गाळली नाही. शेवटी मंत्र उतरतो आणि ज्याची बायको त्याच्या घरी जाते. लेडी सुधारली म्हणून सर जॉन खूश. नेल त्या चॉकलेटची चव जिभेवर घेऊन मोच्याच्या झोपडीत परतते.