भिगवणचे रोहित

आमच्या दिवाणखान्यात रोहित पक्ष्यांचा एक मोठा फोटो होता. पाण्यावरून शेकडो पक्षी एकदम उठलेले, काळ्या किनारीचे लालगुलाबी पंख उघडलेले. पाहुणे ‘माशाअल्लाह’ म्हणत थांबून पाहायचे. यंदा तो फोटो आम्ही उतरवला.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागतं. भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी इथवर पसरलं आहे. काठ उथळ, तळाशी गाळ. त्यामुळे लांब पायांच्या पक्ष्यांना ही जागा मानवते. हिवाळ्यात इथे रोहित दिसतात, तसेच चित्रबलाक, शराटी, शेकाट्या, राखी बगळे. जवळच्या कुंभारगावातले मच्छीमार होडीतून पक्षी दाखवायला नेतात.

गेल्या वर्षी जानेवारीत मुलाला घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले. वाटेत फजर अदा केली आणि उजाडताना होडीत बसलो. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चरत होते. चोचीतून पाणी गाळून ते त्यातले बारीक जीव आणि शेवाळ खातात. त्या खाण्यातूनच त्यांच्या पंखांना गुलाबी रंग येतो. होडीवाले काका म्हणाले, “ताई, होडी जोरात घेऊ का? समदे एकदम उठतील, फोटो लई भारी येतो.” मुलाचा चेहरा खुलला. मीही हो म्हणाले. इंजिन गरजलं, थवा उठला आणि भिंतीवरचा फोटो मिळाला. पक्षी दूर, पलीकडच्या काठाला जाऊन बसले. त्यांचं खाणं अर्धवट राहिलं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

यंदा पुन्हा गेलो, तर थवा आम्हाला जवळ येऊ देईना. काका म्हणाले, “दिवसभर कुणी ना कुणी उठवतंच त्यांना. आता लांबूनच उठत्यात. पण न्हाई उठवलं तर गिऱ्हाईक नाराज होतं, ताई.”

त्यांना बोल कसा लावणार? गिऱ्हाईक तर मीच होते. मला अबू दाऊद यांच्या संग्रहातली हदीस आठवली. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली आणि ती तडफडत घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला कोणी सतावलं असं विचारलं आणि पिल्लं परत ठेवायला सांगितली. मुलाला ही गोष्ट लहानपणी मीच सांगितली होती.

“काका, इंजिन बंद करा. उठवायचं नाही. पैसे पूर्ण देऊ,” मी म्हणाले. त्यांनी बांबूने होडी हळूहळू ढकलली आणि थव्यापासून बरीच लांब उभी केली. सूर्य आमच्या पाठीशी होता. मुलगा होडीच्या काठावर कॅमेरा टेकवून खाली वाकून बसला. पाण्याच्या पातळीवरून घेतलेल्या फोटोत पक्षी उठून दिसतो. पांढरी पिसं उजेडात फटफटीत होऊ नयेत म्हणून त्याने एक्स्पोजर थोडं कमी केलं.

अर्धा तास काहीच घडलं नाही. मग चरता चरता काही पक्षी आपणहून जवळ सरकले. त्यांच्यात करड्या रंगाचं एक अल्पवयीन पिल्लूही होतं. थोड्या वेळाने आठ-दहा जणांनी माना वर केल्या, ते एकाच दिशेला चालू लागले. “अम्मी, आता उडतील,” मुलगा पुटपुटला. वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर चार पावलं धावत ते उठले. बाकीचे चरतच राहिले.

आता भिंतीवर त्या करड्या पिल्लाचा फोटो आहे, चोच पाण्यात बुडवलेला. पाहुणे विचारतात, उडतानाचा का नाही लावला? मग ही हकिकत सांगावी लागते. तुम्ही भिगवणला गेलात, तर होडीत पाय ठेवण्याआधीच सांगा की पक्षी उठवायचे नाहीत, आणि काकांचा मोबदला मात्र कमी करू नका.