गोळा मिळाला का?

पुणे-मिरज मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात आम्ही रेल्वे क्वार्टर्समधली पोरं वाढलो. १९७१ मध्ये मोठी लाइन आली तरी मार्ग एकेरीच राहिला, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

मास्तरांच्या खोलीत नीलचं टोकनयंत्र होतं. बिडाचं, जड, अंगावर घंटा आणि थरथरणारा काटा. मास्तर प्लंजर दाबायचे, की पलीकडच्या स्टेशनात ठण! एक टोला म्हणजे ‘लक्ष द्या’. तिकडून उत्तराची ठण. मग पलीकडच्यांनी प्लंजर दाबून धरला, तारेतून वीज आली, तरच इकडची मूठ फिरायची आणि यंत्राच्या पोटातून पोलादी गोळा घरंगळत खाली यायचा. तो गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघणं नाही. एकट्याच्या मर्जीनं काही होत नसे, हेच त्या यंत्राचं मोठेपण. पलीकडच्या मास्तरांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण टोल्यावरून त्यांचा हात ओळखायचो. त्यांची रजा असली की आई भाकरी थापता थापता म्हणायची, “आज वेगळंच कुणी वाजवतंय.”

गोळा हातात आला म्हणजे ड्रायव्हरला पुढे जायची परवानगी. चामडी पिशवीत गोळा, पिशवीला वेताचं मोठं कडं. पोर्टरकाका कडं उंच धरून उभे राहायचे. न थांबणाऱ्या गाडीतून हात यायचा, एक कडं फेकायचा, दुसरं खांद्यावर झेलायचा. घरातही तीच भाषा. जत्रेला जायचंय? “दादांकडून गोळा मिळाला का?” दादांनी, म्हणजे वडिलांनी, मान हलवली की “सिग्नल पडला!” आमच्याकडे सिग्नल पडणं म्हणजे शुभच, कारण खांबावरचा आडवा हात खाली पडला की गाडी येणार.

दिवेलागणीला बत्तीवाले काका घासलेटचे दिवे घेऊन त्याच खांबाची शिडी चढायचे. काच पुसायची, वात कातरायची, दिवा आत सरकवायचा. पावसातही, तापातही.

त्यांनी एकदा आम्हाला सिग्नलच्या फुटक्या काचेचा तुकडा दिला. उन्हात धरला तर निळा! आम्ही हिरमुसलो. काका म्हणाले, “थांबा, अंधार पडू दे.” घासलेटची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळी काच धरली की उजेड हिरवा दिसतो.

तो तुकडा थोरल्या भावाच्या ट्रंकेत आहे. अजून वीज गेली की कुणीतरी कंदील लावतं, कुणीतरी ट्रंक उघडतं.