दोन्हीकडे जोशी

वंशावळ काढून घ्यायला डोंबिवलीत माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आमचा मूळ पुरुष कोण?’ मूळ बाई कोण, असं अजून कुणी विचारलेलं नाही. कुलवृत्तांतांची मांडणीच तशी. मुलाची शाखा पुढे वाढत जाते. मुलीच्या नावाशेजारी कंसात सासरचं आडनाव येतं आणि ओळ संपते. पुढचं हवं असेल तर सासरचं पुस्तक उघडायचं. तिथे ती बहुधा दुसऱ्याच नावाने नांदत असते.

आनंदीबाई जोशींचंच घ्या. आपल्या कल्याणच्या, जन्म ३१ मार्च १८६५. माहेरी यमुना, वडील गणपतराव जोशी. नवव्या वर्षी पोस्टखात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. नाव बदललं, आडनाव तेच राहिलं. नवशिका इथे हमखास घसरतो आणि दोन घरं एकाच झाडावर चढवतो. पण जोशी हे गावोगावच्या जोशीपणाच्या वृत्तीवरून पडलेलं आडनाव; चित्पावनांच्या १४ गोत्रांपैकी कितीतरी गोत्रांत जोशी आहेत. सगोत्र लग्न तेव्हा होत नसे. म्हणून आडनाव बाजूला ठेवायचं. आधी गोत्र विचारायचं, मग मूळ गाव. जन्माच्या नोंदणीचा कायदा १८८६चा, तोही ऐच्छिक, त्यामुळे त्याआधीचे जन्म बहुतेक तिथी आणि शकावरच शोधावे लागतात. मार्चअखेर म्हणजे पाडव्याचा शेजार. जन्म पाडव्याअलीकडचा की पलीकडचा, एवढं चुकलं तरी शक एकाने हुकतो.

गोपाळराव बिजवर होते, म्हणजे कुलवृत्तांताच्या भाषेत या ‘द्वितीय पत्नी’. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे मूल गेलं ते नाव ठेवायच्या आधीच. कुणी मनापासून त्याची नोंद करायची म्हटली तरी लिहिणार काय? एवढ्या लहान जीवाचं श्राद्धही होत नाही, त्यामुळे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही तो सापडायचा नाही. उरतं ते ‘निपुत्रिक’, आणि तेही नवऱ्याच्या नावापुढे. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवी घेताना आनंदीबाईंनी प्रबंधाला विषय निवडला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुरावा म्हणून हे मी कुठल्याही तक्त्यात घालणार नाही. पण त्या दहा दिवसांच्या मुलाची याहून स्पष्ट नोंद मला दुसरी दिसत नाही.

तिकडच्या कागदांत शोधायचं तर आडनाव इंग्रजीत शेवटी दोन ‘ई’ लावून शोधावं, नाहीतर हाती काही लागत नाही. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली लिहिलेल्या चरित्रात तर नावही ‘आनंदाबाई’ झालंय, आणि शीर्षकातच त्यांना पंडिता रमाबाईंच्या नातलग म्हटलंय. रमाबाई माहेरच्या डोंगरे. आता हे नातं नेमकं कुठून लागतं, ते पिढ्या मोजून दाखवल्याशिवाय मी तरी तक्त्यात रेघ ओढत नाही. छापलेलं नातंही तपासावंच लागतं. सोयरीकवाले लोक ‘लांबचे आमचेच’ किती सहज म्हणतात, हे कल्याणच्या कुठल्याही लग्नात ऐकावं.

उलट, कागदावर न बसणारं एक नातं पक्कं निघालं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. ओळख पत्रांतून झालेली. आनंदीबाई त्यांना मावशी मानत आणि अमेरिकेत उतरल्या त्या त्यांच्याच घरी. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा गोपाळरावांनी अस्थी या मावशीकडे पाठवल्या. त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत आहेत. त्यांच्या नावाचा दगडही तिथेच आहे. उद्या कुणी कार्पेंटर आपली वंशावळ काढायला बसला आणि घरच्या थडग्यांमध्ये हे जोशी कोण म्हणून अडला, तर त्याला कल्याणलाच यावं लागेल. आल्यावर त्याला मी पहिलं हेच सांगेन, की दोन्हीकडे जोशी आहेत, आधी गोत्र विचारा.