वाळवीचा जबाब

सरकारी नोकरीत मी अनेकांचे जबाब नोंदवून घेतले. एका आरोपीचा तेवढा राहून गेला होता. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका जिल्ह्यात महसुली अभिलेखागार माझ्या अखत्यारीत असताना एका विधवेचा माहिती अधिकाराचा अर्ज आला. नवऱ्याच्या नावची जमीन दिराच्या नावावर ज्या आदेशाने चढली, त्याची प्रत तिला हवी होती. (आपल्याकडचा फेरफार म्हणजे तिकडचा दाखिल-खारिज, दुखणे एकच.) उत्तर तयार होते : 'पृष्ठे १४ ते १९ वाळवीने नष्ट केल्याने प्रत देता येत नाही.' नस्ती घाईघाईने चाळून मी सही केली. रात्री झोप लागेना, आणि केव्हातरी आरोपीचा जबाब सुरू झाला. तो असा :

"साहेब, मी कामकरी वाळवी. मला डोळे नाहीत, हे प्रथम नोंदवून घ्यावे. माझा सारा बचाव त्यावर उभा आहे. शिकस्ता उर्दू, कैथी, टंकलिखित इंग्रजी, मला सगळ्यांची चव सारखीच. लिहिलेले वाचून त्यातले नेमके गैरसोयीचे तेवढेच नाहीसे करणे, हे डोळस प्राण्यांचे काम.

उजेड आणि कोरडी हवा मला सोसत नाही, म्हणून जिथे जाते तिथे मातीचा बोगदा बांधीत जाते. आपल्या भिंतीवर तो महिनोन् महिने दिसत होता. ओल कोठून आली? छताच्या दुरुस्तीचा प्रस्ताव तीन वेळा 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आला. पुढे तो मीच खाल्ला, हे कबूल करते. बस्ते जमिनीवर का? लोखंडी कपाट आले होते. ते आपल्या दालनात आहे आणि त्यात चहाचे कप आहेत.

२००५ च्या कायद्याचे चौथे कलम अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवण्याचे कर्तव्य आपल्यावर टाकते, माझ्यावर नव्हे. एकदा जवळ असलेली माहिती नुसते 'सापडत नाही' म्हणून नाकारता येणार नाही, कसून शोध घ्या, जबाबदारी ठरवा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. त्या निकालाची प्रत या कार्यालयात माझ्याआधी कोणी उघडली नव्हती.

खाल्ले ते मी नाकारीत नाही. पण माझी रीत पाहावी. मी कडेने शिरते, चळतीच्या आरपार जाते, मागे माती ठेवते. चौदा ते एकोणीस एवढीच पाने खाऊन तेरावे आणि विसावे पान कोरे करकरीत ठेवणे आमच्या सात पिढ्यांना जमलेले नाही. शिवाय त्या नस्तीची दोरी सुटलेली होती. दोरी मला खाता येते, साहेब; सोडता येत नाही.

आता नोंदी संगणकात चढत आहेत, त्याची वारुळात हळहळ आहेच. पण स्कॅन होण्याआधीच जे पान गेले, ते कोणाच्या पोटात आहे, एवढे तरी मला विचारू नये."

सकाळी मी जावक शाखेतून ते पत्र परत मागविले आणि नस्ती उलगडली. तेरावे पान शाबूत, विसावेही शाबूत. मातीचा कण नाही. बडे बाबू अदबीने म्हणाले, "सर, पूर्वीपासून आपण वाळवीच लिहितो." मी त्यांच्यापुढे दोरी धरली. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

बाहेर बाकावर ती बाई सकाळपासून बसली होती. तिला आत बोलावले. काय सांगायचे, ते अजून ठरले नव्हते.